प्रश्नावलीत सगळेच पर्यावरणप्रेमी असतात

तुमची चाळीस प्रश्नांची यादी वाचली. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची पर्यावरणविषयक जागरूकता आधी मोजायची, मग ती वाढवायला 'हरित सप्ताह' घ्यायचा, असा बेत आहे आणि प्रश्न बरोबर आहेत का, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न ठीक आहेत. उत्तरं काय येणार तेही आत्ताच सांगतो: हवामानबदल गंभीर, प्लास्टिक वाईट, झाडं हवीत. "तुम्हाला पर्यावरणाची काळजी वाटते का?" यापुढे 'नाही'वर खूण कोण करणार?

मीही एकदा असा फॉर्म वाटला होता. उत्तरं वाचून अगदी भरून आलं. त्याच आठवड्यात आमच्या वसतिगृहामागचे कचऱ्याचे डबे उपसून बघितले (हातमोजे घालून). 'सुका' लिहिलेल्या डब्यात निम्मा ओला! फॉर्म भरणारे आणि डबे भरणारे तेच लोक होते.

यात ढोंग शोधू नका. माहिती दिली की मत बदलतं आणि मत बदललं की वागणं बदलतं, ही सरळ साखळी प्रत्यक्षात टिकत नाही, हे कोलमस आणि अग्येमन या संशोधकांनी 2002च्या लेखात सविस्तर मांडलंय. त्याच्याही आधी, 1977 साली जॉर्जियातल्या तिबिलिसीला झालेल्या पर्यावरण शिक्षण परिषदेने पाच उद्दिष्टं ठरवली होती: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग. आपण पहिल्याच पायरीवर पथारी पसरून बसतो.

त्यापेक्षा अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजचा प्रयोग बघा. 2005मध्ये तिथल्या वसतिगृहांत दोन आठवड्यांची वीज-पाणी बचतीची स्पर्धा घेतली. आपापल्या इमारतीचा वापर किती होतोय, ते मुलांना कळवत राहिले. वीजवापर एकूण 32 टक्क्यांनी उतरला. ज्या इमारतींना आकडे जवळजवळ त्या क्षणीच दिसत होते, तिथे तर 55 टक्क्यांनी. पाणी मात्र जेमतेम 3 टक्के वाचलं, आणि हा आकडा सांगायला लोक हमखास विसरतात. बक्षिसाची स्पर्धा होती, मुदतही छोटी होती, तेव्हा 55च्या आकड्याने हुरळून जाऊ नका. पण तेवढ्या दिवसांत त्या मुलांची पर्यावरणावरची मतं काही पालटली नसणार. त्यांना स्वतःचा मीटर दिसायला लागला आणि समोर बक्षीस होतं, एवढाच काय तो फरक.

म्हणून तुम्हीही एकच इमारत धरा. रोज ठरलेल्या वेळी मीटर वाचा. आधी दोन आठवडे कुणालाही काही न सांगता, मग दोन आठवडे कालचा आकडा दारावर लावून. दोन्ही वेळा परीक्षा आणि सुट्ट्या टाळा, नाहीतर मुलं घरी गेली म्हणून उतरलेला आकडा तुम्ही स्वतःच्या खात्यावर जमा कराल. रोज मुक्कामाला किती जण होते तेही लिहा आणि वापराला त्याने भागा.

एकदा रात्री दोनला आणि पहाटे पाचलाही वाचन घ्या. सगळे झोपलेले असताना जी वीज जाते, तिचा विद्यार्थ्यांच्या जागरूकतेशी फारसा संबंध नसतो. ते जिन्यातले दिवे, पंप, कुणी बंदच न केलेली यंत्रं. तो कागद घेऊन प्रशासनाकडे जा. 'मुलांनाच भान नाही' हे वाक्य प्रशासनाला फार सोयीचं असतं.

मेसमध्येही हेच. "अन्न वाया घालवू नका" या पाटीपेक्षा मोठे ट्रे काढून टाकणं जास्त उपयोगी पडतं, कारण दोन हातांत मावेल तेवढंच वाढून घेतलं जातं. आधी आणि नंतर उष्टं तोलायला फक्त एक काटा लागतो.

प्रश्नावली ठेवायचीच असेल (गाइड सोडणार नाहीत, कल्पना आहे), तर चाळीसातले तीस प्रश्न उडवा आणि एक घाला: मोटार न वापरणं, लांबचा विमानप्रवास टाळणं, शाकाहार, कचऱ्याचं पुनर्चक्रण, हे परिणामाच्या क्रमाने लावा. विकसित देशांतली आकडेवारी घेऊन वाइन्स आणि निकोलस या संशोधकांनी 2017मध्ये असा हिशोब केला होता. त्यात पुनर्चक्रण या चारांत तळाला होतं, शाकाहाराचा परिणाम त्याच्या चौपट. तुमच्याकडे बरेच जण पुनर्चक्रण वर ठेवतील, असा माझा अंदाज आहे. तसं झालं तर निदान काय शिकवायचं ते तरी नेमकं कळेल.

पहिल्या आठवड्याचे आकडे आले की इथेच टाका. शनिवार-रविवार वेगळे लिहा.