टीव्हीच्या फॅक्टरीत मास्क, फोनवाल्यांची फेस शील्ड: खरं किती, जाहिरात किती?

प्रश्न: नमस्कार. कोविडमध्ये शार्प, ॲपल असल्या कंपन्यांनी मास्क आणि शील्ड बनवली असं आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं, तर दुसरा म्हणाला सगळी जाहिरातबाजी. टीव्ही बनवणारी कंपनी एकदम मास्क कसा काय बनवणार? – एक वाचक, नाशिक

उत्तर: जाहिरात झालीच, नाही कशाला म्हणा, पण शार्पचं काम खरं होतं. जपानमध्ये मिए प्रांतात ताकी इथे त्यांचा एलसीडी पॅनेलचा कारखाना आहे, तिथे क्लीन रूम असते, म्हणजे हवा गाळून आत सोडतात, माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून आत जातात, कारण पॅनेलवर धुळीचा एक कण बसला तरी पॅनेल बाद. मास्कला खरं तर एवढा थाट लागतच नाही. पण स्वच्छ जागा आणि मशीनवर शिस्तीत काम करणारी माणसं आयती होती, सरकार मागे लागलं होतं, मग मास्कची मशीन आणून बसवली. मार्च २०२० संपता संपता माल निघायला लागला, सुरुवातीला दिवसाला दीड लाख, आणि पुढे पाच लाखांवर न्यायचं ठरलं होतं.

पुढची गंमत ऐका. २१ एप्रिलला त्यांनी सामान्य लोकांसाठी ऑनलाइन विक्री सुरू केली, ५० मास्कचा बॉक्स २,९८० येन, टॅक्स आणि कुरिअर वेगळं. लोक असे तुटून पडले की साइट झोपली, आणि त्याच कंपनीची नेटला जोडलेली घरगुती उपकरणं ज्यांच्याकडे होती त्यांचीही ॲप नीट चालेनात! शेवटी लॉटरी काढावी लागली. पहिल्या सोडतीला ४७ लाखांच्या आसपास अर्ज आले, बॉक्स तीस-चाळीस हजारच, त्यापेक्षा आपली म्हाडा बरी.

आता मुद्द्याचं. सर्जिकल मास्क तीन थरांचा असतो, आतला-बाहेरचा थर साधा, खरी गाळणी मधल्या थरात, त्याला मेल्टब्लोन म्हणतात. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लास्टिकच, ते वितळवून गरम हवेच्या झोताने त्याचे अगदी बारीक तंतू करतात आणि वर त्यांना विजेचा चार्ज देतात, त्यामुळे बारीक कण तंतूंना चिकटून बसतात. घड्या घालणारं, कानाची इलॅस्टिक चिकटवणारं मशीन तुलनेनं पटकन उभं राहतं, पण हे कापड बनवणारी लाइन महाग आणि उभी करायला वेळखाऊ. त्यामुळे २०२० च्या सुरुवातीला जगभर अडलं ते या कापडावर. तिथे टीव्ही कंपनी असो नाहीतर शर्ट शिवणारी, कापड मिळालं तरच मास्क.

प्रश्न: एवढ्या मोठ्या कंपन्या म्हणजे क्वालिटी चांगलीच असणार ना? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: असं काही नसतं हो. बीवायडीचं बघा, इलेक्ट्रिक गाड्या आणि बॅटऱ्यांवाली चिनी कंपनी, मास्कची मशीनसुद्धा स्वतःच बनवली आणि मार्च २०२० मध्ये दिवसाला ५० लाख मास्कपर्यंत पोचली. कॅलिफोर्निया राज्याने त्यांना जवळजवळ १०० कोटी डॉलरची ऑर्डर दिली. पण त्यांच्या एन-९५ ला अमेरिकेतलं सर्टिफिकेट ठरलेल्या मुदतीत मिळालं नाही, राज्याने ॲडव्हान्समधले २४ कोटी ७० लाख डॉलर परत घेतले, मग जूनमध्ये कुठे सर्टिफिकेट मिळालं. तर मास्क लाखांनी काढता येतात, प्रश्न असतो तो टेस्टला पास होतो का. एन-९५ ने ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवायला हवेत आणि चेहऱ्याला घट्टही बसायला हवा, बाजूने हवा शिरत असेल तर आतलं कापड कितीही भारी असून उपयोग काय.

प्रश्न: आपल्याकडे थ्रीडी प्रिंटरवाल्या पोरांनी शील्ड केली होती, त्याचा उपयोग झाला का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: झाला, चांगलाच झाला. मुंबईतल्या मेकर्स असायलमने, म्हणजे कुणालाही येऊन वस्तू बनवता येतील अशा वर्कशॉपने, मार्च २०२० मध्ये एम-१९ नावाने काम सुरू केलं, डिझाइन उघडं ठेवलं, गावोगावच्या लोकांनी आपापल्या मशीनवर तेच बनवलं आणि ४२ शहरं-गावं मिळून ४९ दिवसांत १० लाख शील्ड झाली. तिकडे चेक प्रजासत्ताकात प्रुसाने, म्हणजे थ्रीडी प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने, आपल्याच प्रिंटरवर शील्डच्या पट्ट्या छापल्या आणि फाइल सगळ्यांना फुकट दिली. ॲपलची शील्डही याच सुमाराची, ५ एप्रिलला ॲपलचा तेव्हाचा प्रमुख टिम कुक याने व्हिडिओ टाकून सांगितलं, सपाट पॅक करून १०० चा बॉक्स, जोडायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आठवड्याला १० लाख पाठवायचा प्लॅन.

शील्ड जमलं कारण ते सोपं आहे, पारदर्शक शीट, पट्टी, इलॅस्टिक, बस. मला तर या सगळ्यात ॲपलपेक्षा हीच पोरं भारी वाटतात, त्यांच्याकडे ना पैसा ना सप्लायर. पण शील्ड म्हणजे मास्क नव्हे, समोरून उडणारे थेंब अडतात, खालून-बाजूने हवा येतेच. आणि अंगभर पीपीई किटला शिवण आली की अडलं, सुईच्या भोकातून रक्त आत जाऊ नये म्हणून शिवणीवर गरम हवेने टेप चिकटवावी लागते, त्याची मशीन आपल्याकडे फारशी नव्हती. कोइम्बतूरच्या सिट्रा या कापड-संशोधन संस्थेच्या लॅबमध्ये नकली रक्त दाबाने मारून टेस्ट व्हायची. तरी मे २०२० पर्यंत आपण दिवसाला २ लाखांच्या पुढे किट बनवायला लागलो, त्यात मोठा वाटा कपडे शिवणाऱ्या युनिटचा, टीव्ही-फोनवाल्यांचा नाही.

प्रश्न: घरात तेव्हाचे एन-९५ पडून आहेत, धुऊन वापरू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: धुऊ नका, आणि सॅनिटायझर तर अजिबात मारू नका, अल्कोहोलने तो वर सांगितलेला चार्ज जातो आणि मास्क नुसता दिसायला मास्क उरतो. पाकीट फोडलेलं नसेल तर तारीख बघा, इलॅस्टिक ओढून बघा. सैल पडलं असेल तर टाकून द्या, नुसती तारीख उलटली असेल तर रंगकामाच्या धुळीला वापरा, हॉस्पिटलमध्ये जाताना नवीन घ्या.