यादीतली दुर्बीण आधी खोड

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतची उद्दिष्टांची यादीही वाचली. बोर्डाला नव्वदच्या वर टक्के, आयसर या विज्ञानसंस्थेत प्रवेश, ऑलिंपियाड, दुर्बीण, पायथन ही संगणकाची भाषा शिकणे, पीएचडी, नासा आणि शेवटी लाल पेनाने अधोरेखित केलेलं 'कृष्णविवरांवर संशोधन'. सुवाच्य अक्षराचे गुण वेगळे. यादी चांगली आहे, पण आज रात्री जेवण झाल्यावर करता येईल असं तीत काहीच सापडलं नाही. म्हणून उत्तर लांबलंय, सवडीने वाच.

सुरुवात दुर्बिणीपासून करतो, कारण ती यादीतून खोडायची आहे. पाच-सहा हजारांत मिळणाऱ्या ज्या दुर्बिणीची लिंक तू पाठवलीस, तिच्या खोक्यावर '५२५ पट' असं छापलंय. एवढ्या लहान भिंगाला इतकं मोठं करून दाखवणं झेपत नाही, हाती फक्त अंधुक, थरथरता ठिपका येतो. शिवाय तिचा स्टँड इतका हलका असतो की फोकस करायला हात लावला की चंद्र बाहेर. दुर्बिणीत बघायचं ते भिंगाचा किंवा आरशाचा व्यास, कारण प्रकाश तो गोळा करतो. तेवढ्याच पैशांत १० बाय ५० चा (दहा पट, ५० मिलिमीटरचं भिंग) बरा बायनॉक्युलर येतो. गच्चीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकव, श्वास रोखून गुरूकडे बघ, त्याचे चंद्र एका ओळीत दिसतात. दुसऱ्या दिवशी ओळ बदललेली असते. मोठ्या दुर्बिणीतून बघायची हौस असेल तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून पुण्यात हेच काम करतेय. तिथे जा, रांगेत उभी राहा, प्रश्न विचार. बारावीच्या वर्षात दुर्बीण विकत घेणं म्हणजे अभ्यासाच्या टेबलावर अजून एक वस्तू, आणि आईच्या बोलण्याला अजून एक विषय.

आता तुझ्या गच्चीचं. सिंहगड रोडवरून काही दिसत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. एलईडीचे दिवे आल्यापासून आकाशगंगेचा पट्टा शहरातून गेलाच. पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे तारे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिका) अजून दिसतात, आणि माझ्या डोक्यात जे काम आहे त्याला तेवढे पुरतात.

पाऊस संपलाय. रात्री नऊच्या सुमारास ईशान्येकडे तोंड करून उभी राहा. शर्मिष्ठेचा वाकडातिकडा 'एम' तुला ओळखता येतो, असं लिहिलं आहेस. तिच्या आणि कृत्तिकेच्या मधल्या जागेत ययाती हा तारकासमूह. आज तो खाली असेल, डिसेंबरात याच वेळी उत्तरेकडे चांगला उंच येईल. त्याच्यातला सर्वांत ठळक तारा मिरफाक आणि दुसरा अल्गोल. बाजूच्या देवयानी तारकासमूहाच्या टोकाशी अलमाक आहे. अल्गोल आणि अलमाक एरवी जवळजवळ सारखेच तेजस्वी, दोघांची प्रत २.१ च्या आसपास. पण अल्गोल २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी एकदा मंदावतो, पार ३.४ पर्यंत. मंदावून पूर्ववत व्हायला साधारण दहा तास लागतात. त्या वेळी तुझ्या गच्चीवरून तो जेमतेम दिसेल.

तू एवढंच करायचंस. एक शंभर पानी वही घे. रोज, ढग नसतील तर, आठला एकदा आणि दहाला एकदा वर जा. तारीख, वेळ, चंद्र होता का, धूर होता का (दिवाळीत असणारच), आणि अल्गोल कुणापेक्षा ठळक, कुणापेक्षा फिका, हे लिही. वरची तुलना अलमाकशी, खालची ययातीतल्या डेल्टा आणि एप्सिलॉन या ताऱ्यांशी, ते दोन्ही तिसऱ्या प्रतीजवळचे आहेत. शेजारच्या ऱ्हो ताऱ्याशी तुलना करू नकोस, तो स्वतःच बदलतो. 'आज काही झालं नाही' हेही लिहायचं, आणि बहुतेक रात्री हेच लिहावं लागेल. मंदावण्याच्या वेळा इंटरनेटवर तयार मिळतात. पहिली वेळ स्वतः पकडल्याशिवाय त्या उघडू नकोस. एकदा मध्यरात्री तो सर्वांत मंद सापडला, तर पुढची वेळ तिसऱ्या रात्री पावणेनऊला, हे गणित तुला कागदावर करता येईल. ते गणित बरोबर आलं आणि तारा खरंच मंदावलेला दिसला, की काय वाटतं ते मी सांगणार नाही.

हे काम तुझ्याच वयाच्या मुलाने केलेलं आहे. यॉर्कचा जॉन गुडरिक लहानपणापासून ठार बहिरा होता. १७८२ च्या नोव्हेंबरात त्याने अल्गोलच्या नोंदी सुरू केल्या, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्याने रॉयल सोसायटीला कळवलं की हे मंदावणं नियमित आहे, आणि एखादा काळा गोल ताऱ्याला झाकत असावा. त्याला सोसायटीचं कोपली पदक मिळालं, आणि वयाच्या २१ व्या वर्षी तो वारलाही. त्याचा अंदाज पक्का ठरायला १८८९ साल उजाडलं. जर्मनीत पॉट्सडॅमला फोगेल या खगोलशास्त्रज्ञाने अल्गोलच्या वर्णपटातल्या रेषा सरकताना मोजल्या, म्हणजे तारा खरोखर कुणाभोवती तरी फिरतोय. ध्वनीच्या धड्यात जवळ येणाऱ्या हॉर्नचं जे डॉपलरचं उदाहरण तू पाठ केलंस, ते हेच. गुडरिकची नजर होती, चिकाटी होती, पण त्याच्या काळात हे भौतिकशास्त्रच नव्हतं, म्हणून उत्तर शंभर वर्षं अडकून पडलं.

'मला खगोलशास्त्रच करायचंय, फिजिक्सचं डेरिव्हेशन नको' हे तुझ्या पत्रातलं वाक्य मला म्हणूनच खटकलं. खगोलशास्त्र म्हणून जे आज चालतं, त्यातला बहुतेक भाग भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकावर बसून केलेली साफसफाई आहे. तुझ्या भिंतीवर लावलेल्या रंगीत चित्रांमागे आकड्यांचे तक्ते असतात, आणि त्या तक्त्यांत बिघाड कुठे आहे हे शोधण्यात लोकांचे महिने जातात.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिली आहेस का? नसशील तर बाबांना गाडी काढायला सांग. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तबकडीच्या खाली उभं राहून वर बघितलं की जाळीतून चक्क आभाळ दिसतं. मुलं हमखास विचारतात, ही तर भोकांची, यातून सिग्नल गळत नाही का? नाही गळत. ज्या रेडिओ लहरी ती पकडते त्यांची लांबी वीस-एकवीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत, आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. लहरीच्या दृष्टीने तो सलग पत्राच. सलग पत्रा घातला असता तर वजन आणि वारा पेलायलाच अफाट पोलाद लागलं असतं. दिसत्या प्रकाशाच्या दुर्बिणी, आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची गिरवलीची दोन मीटरची धरून, पावसाळ्यात बंद ठेवाव्या लागतात. खोडदला आषाढातही काम चालू असतं.

बाबांचा जो इंजिनिअरिंगचा आग्रह आहे, त्याबद्दलही तिथेच बोला. रिसिव्हर, अँटेना फिरवणारी यंत्रणा, ऑप्टिकल फायबर, मोबाईलच्या गोंगाटातून खरा संकेत निवडणारं सॉफ्टवेअर, हे सगळं इंजिनिअर करतात. सूर्याकडे गेलेल्या आदित्य-एल१ वरची अतिनील दुर्बीण आयुकात आकाराला आली, तीही नुसत्या खगोलशास्त्रज्ञांनी केली नाही. तेव्हा कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सला गेलीस तर आभाळ कोसळत नाही. मला विचारशील तर मी शुद्ध भौतिकशास्त्राच्या बाजूचा आहे, पण मी शिक्षक, माझं मत पक्षपाती धर.

प्रवेशपरीक्षांचं थोडक्यात. आयसरची आयएटी वेगळी, नायसरची नेस्ट वेगळी, तिरुवनंतपुरमच्या अंतराळ संस्थेला जेईई ॲडव्हान्स्ड लागते. ऑलिंपियाडची पहिली फेरी नोव्हेंबरात असते, नाव नोंदवलं असेल तर दे, नसेल तर हळहळू नकोस. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर फर्ग्युसन किंवा एसपी कॉलेजची फिजिक्सची बीएस्सी काही शिक्षा नव्हे. आयुका किंवा एनसीआरएमध्ये (जीएमआरटी चालवणारी संस्था) पीएचडीसाठी शिरताना तुझं भौतिकशास्त्र तपासतात. नासाचं म्हणशील तर तिथल्या सरकारी नोकरीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. तू राहतेस त्या शहरात गणेशखिंडीला या दोन्ही संस्था एकमेकींच्या शेजारी आहेत, आणि तुझ्या यादीत दोघींचंही नाव नाही. आयुकाचं आवार २८ फेब्रुवारीला सगळ्यांना खुलं असतं. तुझी बोर्डाची परीक्षा नेमकी त्याच सुमारास, त्यामुळे यंदा धाकट्या भावाला पाठव.

आजी 'मग माझी पत्रिका बघ' म्हणाल्या, त्यावर तू चिडलीस म्हणे. चिडू नकोस. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी काही सहकाऱ्यांना घेऊन पुण्यातच एक चाचणी केली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. नाणं उडवून जेवढं जमतं त्याहून बरं त्यांना सरासरीने जमलं नाही. आजींना ते सांग, वाद न घालता. प्रश्न असा मांडायचा की उत्तर मोजता येईल, हे तुलाही त्यातून शिकता येईल.

पायथनचा क्लास लावू नकोस. महिनाभराच्या नोंदी झाल्या की मीच तुला अल्गोलचा आलेख संगणकावर काढायला बसवतो, लागेल तेवढं पायथन त्यातच येईल. वही मात्र तू लिहिलेलीच हवी, फोनवरच्या नोंदी मी वाचणार नाही. आणि नोंदी करताना कंटाळा आला तर तोही लिही, कुठल्या तारखेला आला ते धरून. तुझ्या यादीतल्या शेवटच्या ओळीबद्दल आपण त्यानंतर बोलू.

दिवाळीची सुट्टी संपली की एखाद्या रविवारी सकाळी वही घेऊन ये. येण्याआधी फोन कर. बाबांनाही आण, चहा देईन.

तुझे,
सर