सीईटीच्या आधी कागदं बघ

एमबीए करायचं ठरवलंस, लई चांगलं केलंस. पण सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेची, पुस्तकं घ्यायच्या आधी कागदं काढून बघ: नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला. माझ्या नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चलाच संपलेली, ते मला कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांच्या, वेळी कळलं. राखीव जागा हातची गेली. खुल्यातून जे कॉलेज लागलं, त्याच्या फीसाठी वडिलांनी घरातलं सोयाबीन पडत्या भावात विकलं. ती पोती टेम्पोत चढताना अजून डोळ्यांपुढं येतात.

अभ्यासाचं म्हणशील तर सीईटीत २०० प्रश्न अन् १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकलं तरी गुण कापत नाहीत, एकही प्रश्न सोडून येऊ नको. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, मात्र पर्यायवाला प्रश्न चुकला की एक गुण जातो.

कॅपमध्ये कॉलेजांचे पर्याय भरताना भीतीपोटी नांदेड-संभाजीनगरचं जवळचं कॉलेज पहिलं टाकू नकोस. पहिला पर्याय लागला की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. मुंबईचं जमनालाल बजाज, पुणे विद्यापीठाचं पुम्बा अशी मोठी कॉलेजं मनात असतील तर वरच लिही, त्यानं खालच्या कॉलेजची संधी कमी होत नाही.

अन् कॉलेजच्या फलकावरचं पगाराचं मोठं पॅकेज बघून भुलू नको; वर्गातल्या मधल्या पोराला किती मिळाले, ते तिथल्या सीनिअरला फोन करून विचार.