वाचकांचे प्रश्न : ग्राइंडकोर आणि त्याचे बदलते चाहते

गेल्या अंकात हार्डकोर पंकच्या, म्हणजे वेगवान आणि कर्कश रॉक संगीताच्या, सर्वांत टोकाच्या शाखेची, म्हणजे ग्राइंडकोरची, ओळख करून देणारा एक छोटा लेख आम्ही छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांचा रोख संगीतापेक्षा ते ऐकणाऱ्यांकडे अधिक आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तासन्‌तास हेच ऐकत बसतो. मला त्यात एकही शब्द कळत नाही, नुसता आरडाओरडा वाटतो. यात आवडण्यासारखे काय आहे, आणि मी काळजी करावी का? (एक पालक, सांगली)

उत्तर : शब्द कळत नाहीत ही आपली तक्रार रास्त आहे आणि ती जुन्यातल्या जुन्या चाहत्यालाही मान्य असते. म्हणूनच या परंपरेत तबकडीच्या पाकिटात गीते छापलेला कागद घालण्याची रीत होती. कान आवाजाकडे आणि डोळे त्या कागदाकडे, असे ते ऐकणे असे. नेपाम डेथ हा या शैलीचा सर्वांत महत्त्वाचा बँड १९८१ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडन या गावी शाळकरी मुलांनी सुरू केला. क्रॅस आणि डिस्चार्ज या युद्धविरोधी पंक बँडांच्या प्रभावाखाली ती मुले वाढत होती. १९८७ साली आलेल्या त्यांच्या ‘स्कम’ या पहिल्या अल्बममधले सुरुवातीचेच गाणे बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्ध आहे आणि मुखपृष्ठावरही अशा कंपन्यांची बोधचिन्हे रेखाटलेली आहेत. त्याच अल्बममधले ‘यू सफर’ हे गाणे १.३१६ सेकंदांचे असून जगातील सर्वांत छोटे ध्वनिमुद्रित गाणे म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली आहे. त्यात चारच शब्द आहेत आणि तो माणसाच्या दुःखाविषयीचा एक प्रश्न आहे.

वेग हा या संगीताचा प्राण आहे. ब्लास्ट बीट म्हणजे ड्रमवरचे अतिशय जलद आणि एकसलग आघात. तो पूर्णपणे या बँडाचा शोध नव्हे, कारण मॅसॅच्युसेट्समधील सीज या बँडाच्या १९८४ च्या कॅसेटवरही तसाच भयंकर वेग आहे आणि अशा कॅसेटी टपालाने देशोदेशी फिरत होत्या. मात्र नेपाम डेथचा ड्रमवादक मिक हॅरिस याने त्या आघाताला या शैलीची ओळख बनवले. काळजी करावी का, हे मी आपल्या मुलाला न भेटता सांगू शकत नाही. पण तो ऐकत असलेल्या एखाद्या गाण्याचे शब्द त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तो काय वाचतो आणि वाचताना त्याला ते किती ठाऊक असते, यावरून आपल्याला माझ्या उत्तरापेक्षा पुष्कळ अधिक कळेल.

प्रश्न : मी नव्वदच्या दशकात कॅसेटी जमवणारा जुना श्रोता आहे. ‘हार्मनी करप्शन’नंतर नेपाम डेथ बाजाराला विकला गेला, असे आम्ही मित्र ठामपणे म्हणत असू. आजची मुले तोच अल्बम आदराने ऐकतात. आमचे चुकले होते का? (नागपूर)

उत्तर : आपण जे ऐकलेत ते बरोबर ऐकलेत, पण त्याचे जे कारण लावलेत ते मला पटत नाही. १९८९ मध्ये गायक ली डोरियन आणि गिटारवादक बिल स्टीअर बँड सोडून गेले. त्यांच्या जागी गायक म्हणून मार्क ‘बार्नी’ ग्रीनवे आला आणि अमेरिकेहून जेसी पिन्टाडो व मिच हॅरिस हे दोन गिटारवादक आले. पुढच्या वर्षी या नव्या संचाने फ्लोरिडातील मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स याच्या हाताखाली ‘हार्मनी करप्शन’चे ध्वनिमुद्रण केले, आणि हा स्टुडिओ त्या काळी डेथ मेटलचे, म्हणजे घोगऱ्या गायनाच्या आणि जड गिटारींच्या संगीताचे, माहेरघर होता. ‘स्कम’मध्ये सुमारे तेहतीस मिनिटांत अठ्ठावीस गाणी होती, ‘हार्मनी करप्शन’वर दहा-अकराच आहेत आणि त्यांचा आवाज जाड, सफाईदार आहे. १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका स्टुडिओत अवघ्या पन्नास पौंडांत ‘स्कम’ची पहिली बाजू मुद्रित झाली होती. ज्यांना तो खरबरीत आवाज म्हणजेच प्रामाणिकपणा वाटत होता, त्यांना हा बदल विश्वासघातासारखा वाटला यात नवल नाही. खुद्द मिक हॅरिसही १९९१ मध्ये बाहेर पडला. त्यानंतर अमेरिकेतील कोलंबिया या बड्या कंपनीने नेपाम डेथच्या तबकड्या काढणाऱ्या इअरएक या नॉटिंगहॅमच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, तेव्हा तर संशयाला पुरावाच मिळाल्यासारखे झाले.

परंतु त्या अल्बमची गीते काढून वाचा. ‘सफर द चिल्ड्रन’ हे गाणे धार्मिक सत्तेवर थेट तुटून पडते. ज्याला बाजाराची मर्जी राखायची आहे तो असे लिहीत नाही. ध्वनी बदलला, शब्द बदलले नाहीत, आणि माझ्या मते त्या बँडाचा कणा शब्दांतच होता. पुढे २००० मध्ये संगीताच्या धंद्यालाच शत्रू म्हणणारे शीर्षक देऊन तो बँड पुन्हा वेगाकडे वळला, तेव्हा जुन्या श्रोत्यांपैकी अनेकजण परतले.

कार्कस या बँडाचीही अशीच गोष्ट आहे. बिल स्टीअरचाच हा दुसरा बँड. त्यांचा १९९३ चा ‘हार्टवर्क’ हा सुरेल, काटेकोर अल्बम आला तेव्हा ग्राइंडकोरच्या कट्टर श्रोत्यांनी तोंड फिरवले. आज तोच अल्बम मेलोडिक डेथ मेटलचा मानदंड मानला जातो. माझ्या समजुतीप्रमाणे या पालटाचे मोठे कारण ऐकण्याच्या क्रमात आहे. एका तबकडीनंतर दुसरीची दोन वर्षे वाट पाहणाऱ्याला प्रत्येक बदल आपल्याशी केलेल्या कराराचा भंग वाटतो. ज्याच्या हाती एका संध्याकाळी सगळे अल्बम येतात त्याला तीच वाटचाल एका माणसाच्या वयासारखी दिसते. नव्या श्रोत्याचा हा समजूतदारपणा मला आवडतो. तरीही एक सांगितलेच पाहिजे : वाट पाहण्यातून जो हट्ट आणि जी आस्था येते ती त्याच्याकडे आपोआप येत नाही. आपल्या पिढीने त्या बँडाशी भांडण केले, म्हणजे त्याला गंभीरपणे घेतले. ते भांडण चुकीच्या मुद्द्यावर होते, इतकेच.

प्रश्न : मला हा आवाज मनापासून आवडतो, पण या शैलीच्या एका उपशाखेत स्त्रियांवरील अत्याचाराची वर्णने आणि तशीच मुखपृष्ठे असतात. कार्यक्रमाला गेले की कुणाच्या तरी शर्टावर ते चित्र असतेच. चाहते याविषयी बदलले आहेत का, आणि मी काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या अंकातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपला आहे.

आधी हे कुठून आले ते पाहू. कार्कसच्या १९८८ च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर शवविच्छेदनाच्या छायाचित्रांची चिकटचित्रे होती आणि गीतांत वैद्यकीय कोशातली भाषा होती. त्या बँडातली मंडळी शाकाहारी होती. माणसाचे शरीरही शेवटी मांसच, अशी ती थंड, किळसवाणी नजर होती आणि ती कोणा एका वर्गाच्या माणसांवर रोखलेली नव्हती. त्यातून गोअरग्राइंड ही उपशाखा निघाली. अनुकरण करणाऱ्यांनी चित्रे उचलली, विचार मागे ठेवला. त्यापुढची पायरी म्हणजे पोर्नग्राइंड. तिथे कापले जाणारे शरीर जवळजवळ नेहमी बाईचे असते आणि कापणारा नेहमी गाणारा असतो. दोन्हींत एकच रक्त आहे म्हणून दोन्ही सारखेच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ चाहत्यांकडे याची ठरीव उत्तरे असत. हा विनोद आहे. हा भयपट आहे. आणि सर्वांत लाडके उत्तर म्हणजे, शब्द ऐकतो कोण? यांतले तिसरे उत्तर मला अधिक खटकते. ज्या शैलीने शब्द ऐकू येत नाहीत म्हणून ते छापून हातात ठेवले, तिच्याच नावाने शब्दांना काही किंमत नाही असे म्हणणे म्हणजे तिच्या मुळावर घाव घालणे आहे. बाजाराने ग्राइंडकोरचे जितके नुकसान केले नाही, तितके या बेफिकिरीने केले.

बदल झाला आहे, पण तो सरसकट नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरात गोळीबार होऊन नऊ जण मारले गेले. गोळीबार करणारा तरुण अशाच एका पोर्नग्राइंड बँडात गात असे, हे वृत्तपत्रांतून समोर आले. त्या संगीतामुळे हत्याकांड घडले असे मी म्हणत नाही, तसे म्हणण्यास काही आधार नाही. पण त्या शब्दांना तसा अर्थच नसतो, हे वर्षानुवर्षे बोललेले वाक्य त्यानंतर पूर्वीइतक्या सहजतेने उच्चारता येईनासे झाले. दुसरा बदल अधिक आशादायक आहे. मिशिगनच्या क्लाउड रॅट या बँडाची गायिका मॅडिसन मार्शल स्त्रीच्या अनुभवाविषयी, हिंसेविषयी आणि शोकाविषयी लिहिते, आणि आज या शैलीच्या चाहत्यांत तो बँड आवर्जून ऐकला जातो. कॅलिफोर्नियातील क्रेटिन या बँडाची गायिका व गिटारवादक मरिसा मार्टिनेझ हिने २००८ मध्ये आपण पारलिंगी स्त्री असल्याचे जाहीर केले, आणि २०१४ मध्ये तिच्याच आवाजात त्या बँडाचा पुढचा अल्बम आला. जिथे स्त्री केवळ मुखपृष्ठावरचे कलेवर होती, तिथे ती आता शब्द लिहिणारी आहे.

आपण काय करावे? ज्या बँडाची गीते वाचून आपल्याला अपमान वाटतो, त्याचा ड्रमवादक कितीही तयारीचा असो, त्याला पैसे देऊ नयेत. शर्ट घातलेल्याला त्याचा अर्थ विचारावा, पण एकटीने नव्हे. सोबत मित्र असावेत आणि आयोजकांना आधी कल्पना द्यावी. आयोजक ऐकून घेत नसतील, तर त्यांच्या पुढच्या कार्यक्रमाचे तिकीट घेऊ नये. आवाज मात्र सोडू नका. तो त्यांच्या मालकीचा कधीच नव्हता.

प्रश्न : पॉवरव्हायोलन्स म्हणजे ग्राइंडकोरच का? (ठाणे)

उत्तर : नाही. पॉवरव्हायोलन्स ही हार्डकोर पंकची कॅलिफोर्नियातली शाखा असून इन्फेस्ट, क्रॉस्ड आउट, मॅन इज द बास्टर्ड आणि स्पॅझ ही तिची ठळक नावे आहेत. तिच्यात मेटलचा अंश कमी असतो आणि अतिवेगातून अचानक अतिसंथ लयीत उतरणे ही तिची खूण आहे. बर्कलीतील ९२४ गिलमन स्ट्रीट या स्वयंसेवकांनी चालवलेल्या, दारूबंदी असलेल्या सभागृहात नव्वदच्या दशकात तिचे महोत्सव भरत.

प्रश्न : मी फोनवर ऐकून या संगीताचा चाहता झालो. माझ्याकडे एकही तबकडी नाही. वयाने मोठे श्रोते मला खोटा चाहता म्हणतात. ते बरोबर आहेत का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : नाहीत. तबकडी जवळ असणे ही त्या काळची गरज होती, कारण दुसरा मार्गच नव्हता. शिवाय तबकड्या आणि शर्ट ही निष्ठेची खात्री नसते. इंडोनेशियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो हे नेपाम डेथचे उघड चाहते आहेत आणि त्या बँडाच्या शर्टातली त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या कैद्यांना जीवदान द्यावे म्हणून बार्नी ग्रीनवे याने विडोडो यांना खुले पत्र लिहिले आणि आपले संगीत आवडत असेल तर त्यातला हिंसेचा निषेधही मनावर घ्यावा अशी विनंती केली. त्या वर्षीच्या २९ एप्रिलला आठ कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा कोणाला खरे म्हणायचे ते संग्रहावरून ठरवता येत नाही.

आपल्या भागातल्या श्रोत्याला न्यूनगंड वाटण्याचे आता तर काहीच कारण नाही. सिंगापूरच्या वर्मरॉट या बँडाला इअरएकने करारबद्ध केले आणि २०१७ मध्ये तो इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी या संगीत महोत्सवाच्या मंचावर गेला. मुंबईचा गटस्लिट हा मुख्यतः डेथ मेटल वाजवणारा, पण ग्राइंडकडे झुकलेला बँड आहे. इतकेच नव्हे, नेपाम डेथचा २०१५ चा ‘एपेक्स प्रिडेटर’ हा अल्बम ज्या घटनेतून सुचला ती आपल्या शेजारच्या देशातली आहे. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करणारी अकराशेहून अधिक माणसे गेली. इमारतीला तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसूनही कामगारांना आत बोलावण्यात आले होते.

हा अल्बम आपण फोनवरच ऐका, फक्त गीते समोर उघडून ठेवा. एक सूचना करतो : पहिले, शीर्षकाचे गाणे संथ आणि घोषणेसारखे आहे, त्यात वेग नाही. आपण चुकीचा अल्बम लावला असे समजून ते पुढे ढकलू नका. दुसऱ्या गाण्यापासून ब्लास्ट बीट सुरू होतो.