वाचकांचे प्रश्न : जुन्या वस्तू लिलावात द्याव्यात की छोट्या जाहिरातीत?

प्रश्न : नौपाड्यातील आमची तीन मजली इमारत पुनर्विकासासाठी पाडली जाणार असून काही महिन्यांत आम्हाला घोडबंदर रस्त्यावरील भाड्याच्या लहान घरात जावे लागेल. सासूबाईंच्या काळापासून साठलेल्या वस्तू तेथे मावणार नाहीत. सागवानी कपाट, लोखंडी कपाट, पायाने चालवायचे शिलाई मशीन, तांब्याचा बंब, एचएमटीची चावीची दोन घड्याळे, राजाचा छाप असलेले चाळीसेक रुपये, सासऱ्यांचा टपाल तिकिटांचा आल्बम, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि एक लहानशी हस्तिदंती डबी, एवढे सर्व विकायचे आहे. भाचा म्हणतो, सगळे ऑनलाइन लिलावात टाका, बोली चढत जाईल. यजमान म्हणतात, इथल्या इथे जाहिरात द्या आणि मोकळे व्हा. आम्ही कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या यादीतील पहिल्या चार वस्तूंपुरते यजमानांचे ऐकावे आणि रुपयांच्या बाबतीत भाच्याचे, तेही अर्धेच. असे का, हे समजण्यासाठी लिलावात किंमत कोण ठरवतो ते आधी पाहिले पाहिजे. सर्वांत मोठी बोली लावणारा ती ठरवतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती ठरवतो त्याच्या खालचा, म्हणजे दुसरा बोलीदार. एखादी वस्तू पाच हजारांना घेण्याची एकाची तयारी असली आणि दुसरा कोणी आठशेच्या पुढे जायला तयार नसला, तर वस्तू आठशेच्या थोडी वर सुटते आणि पाच हजार त्या पहिल्याच्या मनातच राहतात. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली लिलावाच्या या गणिताची मांडणी केली आणि १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. (एवढे आडनाव घेऊन त्यांनी दुसरा विषय निवडला असता तरच नवल.) तेव्हा प्रत्येक वस्तू हातात घेऊन आपण एकच प्रश्न विचारावा : हिच्यासाठी अडून बसणारी दोन माणसे कोठे तरी आहेत का, आणि वस्तू त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते का?

सागवानी कपाटासाठी अशी दोन माणसे असतीलही. परंतु एक पुण्यात आणि दुसरा नाशिकला असेल, तर तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टविना कपाट उतरवण्याची हमाली आणि टेम्पोचे भाडे यांतच त्यांची हौस विरून जाईल. जड वस्तूचे गिऱ्हाईक टेम्पोच्या एका फेरीच्या आतच शोधावे लागते. भाच्याच्या मनातले चित्र बहुधा ‘ई-बे’च्या दिवसांतील असावे. त्या कंपनीने २००४ साली ‘बाझी डॉट कॉम’ हे भारतीय संकेतस्थळ विकत घेऊन येथे लिलावाची सवय रुजवण्याचा प्रयत्न केला. पण तिचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. आज ओएलएक्सवर किंवा फेसबुकच्या मार्केटप्लेसवर जे चालते, ती पडद्यावरची छोटी जाहिरातच आहे. किंमत मालकाने सांगायची आणि घासाघीस समोरासमोर करायची.

मोठ्या सामानासाठी अशी जाहिरात, शेजारपाजारच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट आणि वाण्याच्या दुकानात लावलेली चिठ्ठी, हे तिन्ही मार्ग एकाच वेळी वापरावेत. जाहिरातीत वस्तूच्या कौतुकापेक्षा मापे महत्त्वाची असतात. उंची, रुंदी आणि खोली फुटांत द्यावी, कपाटाचे भाग सुटे होतात की नाही ते लिहावे आणि ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही, उतरवून नेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची’ हे वाक्य पहिल्याच ओळीत घालावे. आमच्या घरचा शिसवी पलंग विकताना आम्ही ते घातले नव्हते; दोन गिऱ्हाइके जिना पाहूनच परतली आणि तिसऱ्याने हमालीचे पैसे किमतीतून वळते करून घेतले. लोखंडी कपाटाचा तळाचा भाव भंगारवाल्याकडून वजनावर काढून ठेवावा. बंबासाठी तांब्याच्या मोडीचा भाव तांबटआळीत किंवा भांड्यांच्या दुकानात विचारावा. मात्र तोटी आणि मधली नळी शाबूत असलेला बंब सजावटीसाठी घेणारे लोक असतात, त्यामुळे त्याचे छायाचित्र टाकल्याशिवाय तो मोडीत घालू नये. शिलाई मशीन चालू स्थितीत असल्यास कापडाच्या तुकड्यावर शिवण घालून दाखवणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पुरेशी होते.

वेळेबद्दलही सांगणे भाग आहे, कारण पुनर्विकासाच्या इमारतीत वेळ हाच खरा शत्रू असतो. घरे रिकामी करण्याची तारीख जाहीर झाली की प्रत्येक बिऱ्हाडातील कपाटे, पलंग आणि डायनिंग टेबले एकाच पंधरवड्यात खाली येतात आणि ते जाणणारे जुन्या फर्निचरचे व्यापारी शेवटच्या आठवड्याची वाट पाहत बसतात. म्हणून मोठे सामान आताच काढावे, आणि शक्य असल्यास पावसाळ्यापूर्वी. भिजलेल्या सागवानाला उघड्या टेम्पोत घालायला कोणी धजावत नाही.

आता रुपयांकडे वळू. येथे प्रकरण उलटे होते : वस्तू मूठभर, पाठवायला सोपी आणि तिचे शौकीन देशभर विखुरलेले. नौपाड्यात जाहिरात दिली तर येईल तो बहुधा चांदीच्या वजनानेच घेणारा. तो भाव मात्र आपणही काढून ठेवावा. ब्रिटिश अमदानीतील रुपया ११.६६ ग्रॅमचा असे आणि १९४० पूर्वी त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती, म्हणजे रुपयामागे साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. त्यामुळे आधी चाळीसही रुपये सालांप्रमाणे लावून घ्यावेत. ‘सगळे चांदीचे’ म्हणून एकाच ढिगात विकले तर एका बाजूला आपण फसाल, नाही तर घेणाऱ्याला फसवाल.

त्यातून दोन साले बाजूला काढावीत. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला आणि पुढील वर्षी नक्षी सुधारण्यात आली. म्हणून त्या सालच्या रुपयाला संग्राहक जास्त पैसे मोजतात. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया त्याहूनही दुर्मीळ आहे आणि त्यामुळेच त्याच्या नकलाही फार आहेत. तो सापडल्यास जाणकाराला दाखवल्याशिवाय हर्षभरित होऊ नये. नाण्यांचेच लिलाव करणारी प्रतिष्ठाने मुंबईत आहेत. ती नाणे पाहून अंदाजित किंमत सांगतात, राखीव किंमत (जिच्याखाली नाणे द्यायचे नाही ती) ठरवतात आणि ऑनलाइन बोलीही घेतात. विक्रेत्याकडून किती टक्के घेतात, नाणे विकले न गेल्यास काही आकार लागतो का आणि पैसे किती दिवसांनी मिळतात, हे तिन्ही लेखी विचारून घ्यावे. सामान्य सालाच्या झिजलेल्या रुपयांसाठी हा खटाटोप परवडत नाही. ते सराफाला द्यावेत किंवा नाणेसंग्राहकांच्या मेळाव्यात विकावेत. लिलावाला द्यायची ती निवडक नाणी, आणि भाच्याचे अर्धेच ऐका असे म्हटले ते एवढ्यासाठी.

एक विनंती आहे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला हे रुपये चिंच किंवा रांगोळी लावून घासले जात असतील, तर यापुढे घासू नयेत. घासलेल्या नाण्याची झळाळी देव्हाऱ्यात शोभते. संग्राहकाच्या हाती मात्र त्याची किंमत घटते.

कायद्याचे दोन मुद्देही आहेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी संकेतस्थळावर लिलाव मांडून सातव्या एडवर्डचा रुपया टपालाने लंडनला पाठवणे हा गुन्हा ठरेल, मग त्याची किंमत कितीही क्षुल्लक असो. हस्तिदंती डबीचे त्याहून कडक आहे. तेही १९७२ चेच, वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याचे प्रकरण असून ती डबी लिलावातही विकता येत नाही आणि जाहिरातीतही नाही. तिचे छायाचित्र कोठेही टाकू नये आणि तिच्या संदर्भात वन विभागाकडे चौकशी करावी.

तिकिटांच्या आल्बममध्ये रेल्वे शताब्दीचे १९५३ चे दोन आण्यांचे तिकीट असेल, तर त्यावर फार भिस्त ठेवू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली, या अभिमानापोटी ठाणेकराला ते अमोल वाटते. पण स्वतंत्र भारताची त्या काळातील बहुतेक स्मारक तिकिटे संग्राहकांकडे मुबलक आहेत. आल्बम एकसंध ठेवून एखाद्या तिकीट संग्राहकाला दाखवावा. घड्याळांचे शौकीन पुष्कळ आहेत, विशेषतः २०१६ साली एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय झाल्यानंतर. बाजारात तबकडी नव्याने रंगवलेली घड्याळे फार फिरत असल्यामुळे आपल्याकडील मूळ तबकडी फिकट झाली असली तरी तिला हात लावू नये आणि विक्रीच्या छायाचित्रात झाकण उघडून आतले यंत्रही दाखवावे. ती जाहिरातीतूनच जातील.

दिवाळी अंक सुटे विकण्यात अर्थ नाही. १८९३ साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्यापासून फार दूर नाही. सालवार यादी करून तेथे विचारावे. त्यांच्या संग्रहातील एखादे तुटके वर्ष आपल्या गठ्ठ्यात असू शकेल. उरलेल्यांची यादी छायाचित्रासह टाकल्यास गावोगावचे वाचक टपालखर्च देऊन मागवतात.

प्रश्न : मी फ्रिजची जाहिरात दिली. लष्करात असल्याचे सांगणाऱ्या गृहस्थाने घासाघीस न करताच होकार दिला आणि आगाऊ रक्कम देण्यासाठी मला क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करावा का?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : करू नये. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फ्रिज न पाहता आणि शंभर रुपयेही न पाडता घेणारा गिऱ्हाईक नेरूळमध्ये आम्ही तरी पाहिलेला नाही. नाण्यांच्या बाबतीत हाच प्रकार रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन चालतो : ‘तुमची जुनी नोट लाखाला घेतो, आधी शुल्क भरा.’ अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. खरे गिऱ्हाईक आले की फ्रिज चालू करून दाखवावा आणि रक्कम जमा झाल्याचे स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये पाहावे, त्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नव्हे; त्यानंतरच फ्रिज टेम्पोत चढवू द्यावा. पिन टाकून झाला असेल, तर हे उत्तर पुढे वाचण्याऐवजी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे.