पीसीतला रायझेन ५ ३६०० प्रोसेसर काढून ५८००एक्स बसवतोय, जुनाच फॅन चालेल का?

पीसी चालू होईल, पण जुना फॅन बसवू नका. ३६०० सोबत आलेला रेथ स्टेल्थ हा बुटका फॅन ६५ वॅटच्या प्रोसेसरसाठी आहे. ५८००एक्स कागदावर १०५ वॅटचा, पण पूर्ण लोडवर १४२ वॅटपर्यंत ओढतो आणि बॉक्समध्ये फॅन येत नाही. जुन्या फॅनवर तो ९० अंशांना टेकेल आणि स्वतःच वेग कमी करेल. मग ५८००एक्ससाठी जास्तीचे पैसे कशाला घालवायचे?

१२० मिमी फॅनचा टॉवर एअर कूलर (धातूच्या पात्यांचा उभा कूलर) घ्या. लिक्विड कूलरची गरज नाही. घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते बघा. असे टॉवर साधारण १५५ मिमी उंच असतात. काचेचं झाकण बंद होत नाही म्हणून परत करावे लागलेले कूलर मी पाहिलेत. कूलर एएम४ सॉकेटला (मदरबोर्डवर हे प्रोसेसर बसतात ती जागा) बसतो ना, तेही तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुना फॅन सरळ वर ओढू नका. प्रोसेसर आणि फॅनच्या मधली थर्मल पेस्ट (उष्णता फॅनकडे नेणारा लेप) सुकलेली असते, त्यामुळे लॉक असूनही प्रोसेसर फॅनला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं पीसीवर एखादा गेम चालवा, पेस्ट मऊ होईल. मग पीसी बंद करून प्लग काढा, चारही स्क्रू सोडवा, फॅन हलक्या हाताने डावीउजवीकडे फिरवा आणि सुटल्यावरच उचला. मदरबोर्डमागची धातूची पट्टी सांभाळा, बऱ्याच कूलरना तीच लागते. बोर्ड जुना असेल तर ३६०० काढण्याआधीच बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या.

बजेट कमी असेल तर ५७००एक्स बघा. तोही आठ कोरचा, पण ६५ वॅटचा, त्यामुळे साधा टॉवरही पुरतो.