दहा दिवस उलटले म्हणून सदोष मॉनिटर गळ्यात मारता येतो का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. लग्नसराईच्या तोंडावर एका ऑनलाइन संकेतस्थळावरून २७ इंची ४के मॉनिटर २८,५०० रुपयांना घेतला. जाहिरातीत ‘फोटो एडिटिंगसाठी अचूक रंग’ असं लिहिलं होतं. चौदाव्या दिवशी काळ्या पानावर काम करताना चार ठिपके दिसले, त्यातला एक सतत हिरवा पेटलेला. खालचा उजवा कोपरा पिवळट दिसतो. शिवाय मधूनमधून स्क्रीन क्षणभर काळी होते. त्याच दिवशी तक्रार केली. संकेतस्थळ म्हणतं, परतीची दहा दिवसांची मुदत संपली. कंपनी म्हणते, चार ठिपके आमच्या नियमात बसतात, बाकीचं तपासायचं असेल तर मॉनिटर नागपूरला आणा. विक्रेता बंगळुरूचा आहे आणि बिलावर ‘वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात’ असं छापलंय. त्यात गावातल्या एकानं सांगितलं की तू धंद्यासाठी घेतला, तुला ग्राहक मंचात कोणी उभं करणार नाही. वकीलसाहेब, माझे पैसे बुडाले का?

उत्तर : भाऊ, पैसे बुडालेले नाहीत. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी एक भक्कम आहे, एक अर्धीकच्ची आहे आणि तिसरी बहुधा मॉनिटरची नाहीच. तिन्ही एकाच दावणीला बांधून ग्राहक आयोगापुढे (म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचापुढे) नेल्या, तर कच्चीमुळे पक्कीचीही किंमत जाते.

आधी ती तिसरी, स्क्रीन काळी होण्याची. मॉनिटरला कोणती केबल लावली आहे? सेट-टॉप बॉक्सची जुनी एचडीएमआय केबल लावली असेल तर दोष तिथेच असण्याची शक्यता मोठी. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआयची २.० ही आवृत्ती लागते; जुन्या १.४ वर ते ३० वेळांवरच अडकतं आणि माउसचा बाण अडखळत चालतो. हलक्या केबलला हा भार झेपला नाही की ती चित्र तोडते. तुमच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर नवी केबलही कामाची नाही. म्हणून मॉनिटरच्या खोक्यात आलेली केबल लावा, दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप आणून जोडून पाहा आणि या सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. तरीही स्क्रीन गेली तरच ही तक्रार लिहा. कंपनीच्या तंत्रज्ञानं केबल बदलून तुमच्यासमोर स्क्रीन नीट चालवून दाखवली, की तुमच्या बाकीच्या म्हणण्याकडेही शंकेनं पाहिलं जातं.

आता ठिपके. ४के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल (चित्र घडवणारे बारीक ठिपके) असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल. सदोष पिक्सेल किती चालतील, याची मोजपट्टी आयएसओ ९२४१-३०७ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि तिथे हिशेब दर दहा लाख पिक्सेलमागे होतो. गंमत पाहा : पडदा जितका बारीक आणि महाग, तितके जास्त ठिपके ‘नियमात’ बसतात! मला हे पटत नाही, पण बहुतेक कंपन्या याच धर्तीवर आपलं पिक्सेल धोरण ठरवतात. म्हणून केवळ चार ठिपक्यांवर खटला उभा करू नका, असंच मी सांगेन. मात्र एक गोष्ट तपासा. ते धोरण वॉरंटी कार्डावर किंवा विक्रीच्या पानावर विकत घेण्याआधी तुम्हाला दिसत होतं का? नसेल, तर आधी दडवलेली अट नंतर अंगावर फेकली, हा मुद्दा निघतो. सतत पेटलेला पिक्सेल अनेक कंपन्या मेलेल्या, म्हणजे कधीच न पेटणाऱ्या पिक्सेलपेक्षा गंभीर धरतात. तुमच्या कंपनीचं धोरण त्यावर काय म्हणतं, तेवढं लेखी मागवा.

खरा जोर पिवळट कोपऱ्यात आहे. त्याचं नाव पिक्सेल धोरणात नाही आणि ‘अचूक रंग’ या जाहिरातीला तो सरळ छेद देतो. नवरीच्या पांढऱ्या शालूची एक बाजू पिवळी दिसणाऱ्या पडद्यावर अल्बम करायचा कसा? पण इथेही एक खातरजमा. आयपीएस नावाच्या प्रकारच्या पडद्यावर बाजूनं पाहिलं की कोपरे थोडे उजळतात, तो दोष नव्हे. पूर्ण पांढरं चित्र लावा, दोन-अडीच हात मागे समोरासमोर बसा आणि डोकं हलवून पाहा. डाग डोक्याबरोबर सरकला, कमी-जास्त झाला, तर तो पडद्याचा स्वभाव. जागचा हलला नाही तर दोष. मग फोटो काढा, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला प्रकाश आपोआप बदलू देऊ नका, नाहीतर डाग फोटोत उतरणारच नाही.

कायद्याकडे येऊ. परतीची मुदत ही संकेतस्थळाची सोय आहे. दोषाबद्दलचा तुमचा हक्क तिच्यावर उभा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(४७) सांगतं की सदोष माल बिलात किंवा पावतीत दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवस धरायचे. म्हणून बिल काढून नीट वाचा. दहा दिवस बिलावर छापलेत की फक्त संकेतस्थळावर? नुसते संकेतस्थळावर असतील, तर चौदाव्या दिवसाची तुमची तक्रार ३० दिवसांत बसते, असा युक्तिवाद करता येतो. त्याखेरीज २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या गुणांचा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, हेही त्याच नियमांत आहे.

बंगळुरूच्या त्या ओळीला घाबरू नका. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुमच्यासाठी म्हणजे यवतमाळचा जिल्हा आयोग.

गावातल्या त्या जाणकाराचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका, कारण समोरचा वकील तोच पहिल्यांदा काढणार. व्यापारी कारणासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ नसतो, हे खरं. पण स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवायला घेतलेला माल ‘व्यापारी कारणा’त मोडत नाही, असं स्पष्टीकरण कायद्यातच आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली, जुन्या कायद्याखाली, हे उलगडून सांगितलं. दुसऱ्यांचं काम टाइप करून पोट भरणाऱ्यानं घेतलेला टाइपरायटर, स्वतः चालवायला घेतलेली रिक्षा, अशी उदाहरणं त्यात आहेत. मदतीला एक-दोन माणसं असली तरी ग्राहकपण जात नाही, असंही न्यायालयानं म्हटलंय. तेव्हा लग्नसराईत हाताखाली एखादा पोरगा ठेवत असाल, तर ते लपवू नका.

इथे बरेच जण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. ‘मॉनिटरमुळे माझ्या लाखोंच्या ऑर्डरी गेल्या’ असं लिहिलं, की समोरचा म्हणतो, बघा, हा व्यापारी. तुमची मागणी २८,५०० रुपये, त्यावर व्याज, त्रासापोटी माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढीच ठेवा. ‘हा मॉनिटर मी स्वतः वापरतो, अल्बमचं काम हेच माझ्या उपजीविकेचं साधन आहे’ हे वाक्य तक्रारीत आणि शपथपत्रात दोन्हीकडे असू द्या. बिलावर जीएसटी क्रमांक टाकून कराची वजावट घेतली असेल, तर त्यावरूनही समोरचा तुम्हाला व्यापारी म्हणेल; वकील लावलात तर ते त्याला आधीच सांगा.

नागपूरला एसटीत मांडीवर मॉनिटर घेऊन जाऊ नका. वाटेत पडदा तडकला तर ‘ग्राहकानं फोडला’ म्हणून वॉरंटीच संपते. आधी ईमेलवर विचारा, माझ्या पिनकोडला घरपोच सेवा आहे की नाही. वॉरंटीत ती लिहिलेली असेल तर तंत्रज्ञ त्यांनी पाठवायचा. तो आला की जॉब शीट, म्हणजे त्याच्या तपासणीचा कागद, वाचल्याशिवाय सही करू नका. त्यानं ‘दोष नाही’ लिहिलं, तर खाली स्वतःच्या अक्षरात लिहा : ‘असहमत, उजवा कोपरा पिवळा दिसतो’, आणि कागदाचा फोटो घ्या. व्होल्टेजचं कारणही पुढे येईल, संध्याकाळी कृषिपंप सुरू झाले की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अ‍ॅडॅप्टरवरचं लेबल पाहा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर व्होल्टेज १८० वर आलं होतं, ही सबब चालत नाही. वीज कडाडून किंवा अचानक दाब वाढून जळणं ही गोष्ट वेगळी. त्यावर वॉरंटी सहसा हात वर करते.

आता क्रम. आज १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर विक्रेता, संकेतस्थळ आणि कंपनी तिघांनाही पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टनं पाठवा. मग ग्राहक आयोगाच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार. मालासाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि माझ्यासारख्यावर पाच-सात हजार घालवावेत इतकं हे प्रकरण अवघड नाही. फोटो-व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. दोष डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेत तपासणी करवू शकतो, पण त्याचं शुल्क तुम्हाला भरावं लागतं. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. तरी लग्नसराई संपेपर्यंत थांबू नका, तुम्ही तोच मॉनिटर महिनोन्‌महिने बिनबोभाट वापरला असं म्हणायला त्यांना जागा मिळेल. तक्रार निकाली निघेपर्यंत खोकं आणि थर्माकोल उंदरांपासून जपून ठेवा.

पैसे परत मिळाले आणि दुसरा घ्यायची वेळ आली, तर पानावर ‘४के सपोर्ट’ लिहिलंय की मूळ रिझोल्यूशनच ३८४० × २१६० आहे, ते पाहा; कमी क्षमतेचा पडदाही ४के सिग्नल नुसता स्वीकारू शकतो. ‘एचडीआर सपोर्ट’चंही (उजेड-अंधारातला फरक अधिक ठळक दाखवणारं तंत्र) तसंच. पिक्सेल धोरण आणि घरपोच सेवा पैसे देण्याआधी लेखी मागा आणि मिळालेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. माल आला की खोकं उघडण्यापासून व्हिडिओ काढा आणि त्याच रात्री लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पाचही रंग पूर्ण पडद्यावर लावून पाहा.

कंपनी मधेच बदली मॉनिटर द्यायला तयार झाली, तर तो नवा आहे की दुरुस्त केलेला, हे लेखी घ्या. ‘पूर्ण व अंतिम समाधान’ असं छापलेल्या कागदावर मात्र मॉनिटर घरी लावून तपासल्यानंतरच सही करा.